अर्धीच गोष्ट
महोदय,
थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या निमित्ताने आलेला ‘मेफ्लॉवर’ जहाजावरचा लेख वाचला. ‘धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेला गेलेली माणसे’ हे वर्णन अर्धेच खरे. १६२० मध्ये निघालेल्या १०२ प्रवाशांतले बरेचसे पोटापाण्यासाठी चालले होते. उरलेल्या, इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटलेल्या मंडळींना हॉलंडमधल्या लायडन गावी उपासनेची मोकळीक मिळालीच होती की! पण तिथली मेहनत झेपेना आणि पोरे डच वळणावर जाऊ लागली.

१६३० साली बोस्टनला वसलेल्या प्युरिटनांनी (चर्चचे शुद्धीकरण मागणाऱ्या कडव्या पंथीयांनी) तर कहरच केला. इंग्लंडमध्ये सोसलेला जाच इथे दुसऱ्यांच्या वाट्याला. १६५९ मध्ये त्यांनी नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला (ख्रिस्ती राज्यात, बरे का). त्याच वर्षी मेरी डायर या क्वेकर (पाद्री न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) बाईंना वधस्तंभापाशी नेले, डोळ्यांदेखत दोन साथीदारांना लटकवले आणि बाईंच्या गळ्यातला फास काढून त्यांना हद्दपार केले. बाई परत आल्या. १ जून १६६० रोजी त्यांना फाशी दिली.

याच प्युरिटनांनी हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये सर्व पंथांना मोकळे असलेले प्रॉव्हिडन्स गाव वसवले. लेखात त्याचे नावही नाही.

– एक वाचक, सोलापूर