मुग्धाच्या एमएस्सीबद्दल

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. कोल्हापूरहून मुग्धाला मुंबईत केमिस्ट्रीच्या एमएस्सीला पाठवायचं ठरतंय आणि पदवी हातात पडेपर्यंत नेमकं काय काय लागतं, असं तू विचारलंयस. आधीच सांगतो, थिअरीच्या पेपरांत अडकणारी मुलं तशी थोडी. मुलं अडकतात ती प्रॅक्टिकलच्या तासांत आणि प्रोजेक्टमध्ये. म्हणून त्यावरच जरा जास्त लिहितो.

हिशेब असा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात दोन वर्षांच्या एमएस्सीला ८८ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक) लागतात, दर सेमिस्टरला २२. मुख्य विषयाचे पहिल्या तीन सेमिस्टरला प्रत्येकी १४ आणि चौथ्याला १२. ऐच्छिक विषयाचे दरवेळी ४. उरलेले पहिल्यात रिसर्च मेथडॉलॉजीचे ४, दुसऱ्यात ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षणाचे ४, तिसऱ्यात प्रोजेक्टचे ४ आणि चौथ्यात प्रोजेक्टचेच ६. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट झाल्यावर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एमएस्सी एकाच वर्षाची होते. मुग्धाची बीएस्सी तीन वर्षांची, म्हणजे तिला दोन्ही वर्षं आहेत.

यातली मेख तासांत आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तास लॅबमध्ये उभं ठेवतं. बॅचचा दिवस ठरलेला असतो. तो चुकला तर तो प्रयोग पुन्हा लावून मिळेलच असं नाही, आणि जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. त्यात ७५ टक्के हजेरी. तिची राहायची सोय डोंबिवली-बदलापूरकडे करणार असशील तर याचा विचार कर. संध्याकाळी उशिरा लॅबमधून निघून रोज तो प्रवास करणं सोपं नाही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. मुंबई विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग कलिन्याला आहे, शिवाय अनेक कॉलेजांत एमएस्सी चालते. रुइया आणि झेवियर्स स्वायत्त आहेत, त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्याच. फोर्टातली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आता होमी भाभा राज्य विद्यापीठात येते. माटुंग्याच्या आयसीटीची (रसायन तंत्रज्ञान संस्था) प्रक्रिया वेगळी. प्रत्येक ठिकाणचा फॉर्म वेगळा भरावा लागेल. ती शिवाजी विद्यापीठातून येतेय, तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी निकाल लागताच अर्ज कर. टीसी घेतली म्हणजे झालं असं समजून लोक बसतात आणि ऑक्टोबरात धावपळ होते. एबीसी आयडीही, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर, आत्ताच काढून ठेव, क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात.

पवईच्या आयआयटीचा विचार असेल तर जॅम, म्हणजे आयआयटींची एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्यावी लागेल. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नात चूक झाली की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा. अनेक पर्याय बरोबर असणारे आणि आकडा लिहायचे प्रश्न मात्र चुकले तरी काही कापत नाहीत, पण हे ३० प्रश्न अंदाजाने सुटतही नाहीत. मुलं फिजिकल केमिस्ट्री ऑप्शनला टाकतात आणि इथेच फसतात, कारण आकड्यांचे बरेच प्रश्न तिथलेच असतात.

आता प्रॅक्टिकल. पहिल्या वर्षी फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, ॲनालिटिकल चारही करावी लागतात, स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षी. साधं ईडीटीएचं टायट्रेशन घे, म्हणजे ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने घालून पाण्यातल्या धातूचं प्रमाण मोजणं. एक लिटर ०.०१ मोलर द्रावणासाठी त्याचं डायसोडियम मीठ ३.७२२४ ग्रॅम तोलायचं. बीएस्सीला हे सगळ्यांनी केलेलं असतं, तरी एमएस्सीला रीडिंग जुळत नाहीत. कारण बहुतेक वेळा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. अमोनियाचं पीएच १० चं बफर मुंबईच्या उकाड्यात उघडं राहिलं की अमोनिया उडतो, पीएच घसरतो आणि वाइनसारख्या लालाचा निळा होताना मधला जांभळा रेंगाळत बसतो. एन्ड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन कुठे संपलं, तो कुठे मानायचा तेच कळत नाही. पाण्यात तांब्याचा अंश असेल तर इंडिकेटर (रंग बदलून दाखवणारा पदार्थ) अडकून पडतो, रंग बदलतच नाही. इरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचं द्रावण थोड्या दिवसांत खराब होतं. कोरड्या मिठात एकास शंभर घोटून ठेवलं तर टिकतं. आणि शेवटाजवळ थेंब टाकला की चारपाच सेकंद थांबायचं, कारण तिथे रिॲक्शन सावकाश होते.

ऑरगॅनिकच्या मिश्रणातले पदार्थ वेगळे करताना क्रम महत्त्वाचा. आधी सोडियम बायकार्बोनेट, त्यात फक्त आम्ल उतरतं. मग सोडियम हायड्रॉक्साइड, त्यात फिनॉल. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात बेस. उरलं ते न्यूट्रल. घाईत आधी सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं की आम्ल आणि फिनॉल एकत्र उतरतात, आणि परीक्षेच्या दिवशी तो घोळ निस्तरायला वेळ नसतो. बायकार्बोनेटचं द्रावण ॲसिडिफाय करताना ॲसिड थेंबाथेंबाने घालायचं. भसकन ओतलं तर फेस बीकरबाहेर, यील्डही बाहेर.

पावसाळ्याबद्दल तुमच्याकडे कोणी सांगणार नाही म्हणून लिहितो. आयआर (इन्फ्रारेड) तपासणीसाठी केबीआरची, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करतात, साधारण १०० मिलिग्रॅमला १ मिलिग्रॅम सॅम्पल. जुलैत केबीआर हवेतलं पाणी ओढतं आणि स्पेक्ट्रममध्ये ३४०० च्या आसपास रुंद पट्टा आणि १६४० जवळ दुसरा येतो. मग ओएच गट नसलेल्या कीटोनमध्येही पोरांना ओएच सापडतो! केबीआर ११० अंशाला वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवायचं, खलात फार वेळ घोटत बसायचं नाही. एनएमआर या दुसऱ्या तपासणीची गंमतही तशीच. इथिल ॲसिटेट नीट उडवलं नाही तर सीडीसीएल-थ्री या द्रावकात १.२६, २.०५ आणि ४.१२ ला त्याचे सिग्नल दिसतात आणि कुणीतरी आपल्या पदार्थात एस्टर असल्याचं लिहून मोकळं होतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेले परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

स्पेशलायझेशनला ऑरगॅनिककडे झुंबड असते, औषध कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे. मला विचारशील तर क्यूसीत (कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत) किंवा कुठल्याही टेस्टिंग लॅबमध्ये जायचं असेल तर ॲनालिटिकल जास्त उपयोगी. गणिताची धास्ती नसेल तर फिजिकल.

ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, तारापूर इथे कारखाने भरपूर आहेत, पण चौकशी पहिल्या सेमिस्टरातच सुरू करायला हवी. प्रोजेक्टचं तर उलटीकडून मोजायचं. रिपोर्ट देण्याच्या तारखेआधी महिनाभर लिहायला, त्याआधी स्पेक्ट्रा यायला. बाहेरच्या सोयीकडे, उदाहरणार्थ पवईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्राकडे, सॅम्पल पाठवलं तर आपला नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. केमिकल मागवण्यात दिवस जातात ते वेगळेच. म्हणजे चौथ्या सेमिस्टरचं काम खरं तिसऱ्यातच अर्धं व्हायला हवं. रिपोर्टमध्ये दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. इंट्रोडक्शन जुन्या रिपोर्टमधून उतरवण्याची सवय तिला लागू देऊ नकोस.

नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला खुल्या गटात एमएस्सीचे ५५ टक्के लागतात, राखीव गटाला ५०. एखाद्या सेमिस्टरला केटी लागली आणि सरासरी ५४ वर अडकली तर पदवी मिळते, पण लेक्चररशिपचं आणि जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचं दार बंद.

मुग्धाच्या तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकांच्या प्रती पाठव. आणि बारावीला तिला गणित होतं का, ते आठवणीने कळव. काही आयआयटी केमिस्ट्रीलाही ते मागतात, त्यामुळे जॅमचा फॉर्म भरायचा की नाही ते त्यावरच ठरेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश