ताटातलं मटण गेलं, मनातलं?

महोदय,

ईस्टरआधीचा ४० दिवसांचा उपवासकाळ (लेंट) लागला की आमच्या सदर भागातल्या ख्रिस्ती घरांत पहिला प्रश्न असतो, ‘यंदा काय सोडलं?’ खरं तर कॅथलिक चर्चचा सक्तीचा नियम अगदी थोडा आहे. राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस, तेव्हा कपाळाला राख लावतात) आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवासाचे. १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाने त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, शिवाय दोनदा थोडं काही खाल्लं तरी चालतं. हे दोन दिवस आणि या काळातले शुक्रवार, १४ वर्षांवरच्यांना मांस वर्ज्य. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम सहसा नसतो.

मासळीला मनाई नाही, म्हणून शुक्रवारी मटणापेक्षा महाग पापलेट आणणारेही आहेत. नियम पाळला गेला, उपवास कुठे झाला? या काळात प्रार्थना, उपवास आणि दान एकत्र सांगितलेत ते उगाच नाही. अर्धा किलो मटण टाळलं तर तेवढे पैसे त्याच दिवशी दानाच्या डब्यात पडावेत. महिनाअखेरीवर ठेवले की ते किराण्यात जिरतात.

पाणी आणि औषधाने हा उपवास मोडत नाही. तरी काही जण नागपूरच्या उन्हात दिवसभर कोरडे राहतात आणि दुपारी कामवाल्या बाईवर खेकसतात. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात नेमका हाच उपवास देवाने नाकारला आहे: तोंडाने उपास, हाताने मजुरांची पिळवणूक. बाईचा पगार थकला असेल तर आधी तो द्यावा, चॉकलेट सोडण्याचं नंतर बघू.

कपाळावरच्या राखेचे सेल्फी हा नवा प्रकार. ज्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ती राख लावतात, तिथेच मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय वाचतात: उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. राख मुद्दाम पुसायची गरज नाही, मिरवायचीही नाही.

रविवार या ४० दिवसांत मोजत नाहीत (एकूण दिवस ४६, रविवार ६). पण आठवड्याची कसर रविवारी सावजी रश्श्यावर काढायची असेल, तर आपण फक्त वाट बघत होतो.

पापनिवेदनाला (फादरांपुढे आपली पापं कबूल करायला) बहुतेक जण पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यातच येतात. रांग मोठी, फादरांकडे वेळ नाही, मग पाठ केलेली यादी म्हणून मोकळं व्हायचं. चर्चनी उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पापनिवेदनाच्या वेळा फलकावर लावाव्यात, संध्याकाळच्याही; नोकरदारांना सकाळी जमत नाही.

– एक वाचक, सदर, नागपूर