ताणता येणाऱ्या भिंगाच्या बातमीत रबरालाही जागा द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत ताणता येणाऱ्या सपाट भिंगांवर आलेला लेख मन लावून वाचला. इतका अवघड विषय मराठीत आणल्याबद्दल लेखकाचे आभार. पण एक गोष्ट खटकली आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखात नॅनोखांबांवर पाऊण पान खर्ची पडले आहे. ते खांब ज्यात रोवलेले असतात त्याच्या वाट्याला मात्र 'रबरासारख्या पदार्थावर' एवढे दोन शब्द आले. माझी सगळी नोकरी सिलिकॉन रबराच्या चाचणी विभागात गेली. हे भिंग चालते ते रबराच्या जिवावर आणि अडते तेही रबरापाशीच, म्हणून हे पत्र.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काचेचे भिंग प्रकाश वळवते ते जाडीमुळे. मध्यभागी काच जाड, तिथे प्रकाशाला उशीर जास्त. कडेला पातळ, तिथे कमी. मेटासरफेसमध्ये हाच उशीर खांबांकडून घडवून घेतात. सपाट पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खांब, उंची सगळ्यांची सारखी, रुंदी जागेप्रमाणे वेगळी आणि दोन खांबांमधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी. कुठल्या खांबातून जाताना प्रकाश किती रेंगाळेल, ते त्या खांबाच्या रुंदीवर ठरते. २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फेडेरिको कपासो यांच्या गटाने सोन्याच्या 'व्ही' आकाराच्या अँटेना वापरून प्रकाश हव्या त्या कोनात वळवून दाखवला. २०१६ मध्ये त्याच गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या ६०० नॅनोमीटर उंच खांबांचे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात चालणारे भिंग केले. पण खांब एकदा कोरले की कोरले. भिंगाचे नाभीय अंतर कायमचे ठरून जाते.

ते बदलायचे तर खांब एकमेकांपासून सरकायला हवेत आणि इथे रबराचे काम सुरू होते. बहुतेक प्रयोगांत ते पीडीएमएस, म्हणजे पॉलिडायमिथिलसिलोक्सेन हे सिलिकॉन रबर असते. पारदर्शक, अपवर्तनांक साधारण १.४. खांब पुष्कळदा सिलिकॉनचे असतात. हे रबर नव्हे, चिपसाठी वापरतात ते सिलिकॉन, आणि ते या रबराच्या सुमारे लाखपट ताठर असते. त्यामुळे पापुद्रा ओढला की खांब जसेच्या तसे राहतात, ताणले जाते ते त्यांच्या मधले रबर. खांबाची रुंदी बदलली नाही, म्हणून त्याने लावलेला उशीरही बदलला नाही. तो उशीर केंद्रापासून थोडा बाहेर सरकला, इतकेच. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. भिंग जितक्या पट ताणले, त्याच्या वर्गाने नाभीय अंतर वाढते. भिंग सगळ्या बाजूंनी १० टक्के ताणा. १.१ चा वर्ग १.२१, म्हणजे नाभीय अंतर २१ टक्क्यांनी वाढले. ५० टक्के ताणा, ते सव्वादोन पट झाले.

अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आंद्रेई फॅरॉन यांच्या गटाने २०१६ मध्ये नेमके हे करून दाखवले. सिलिकॉनचे खांब पीडीएमएसमध्ये बुडवलेले, प्रकाश ९१५ नॅनोमीटरचा आणि नाभीय अंतर ६०० मायक्रोमीटरपासून १४०० पर्यंत नेलेले. भागाकार करून वर्गमूळ काढा, ताण ५३ टक्क्यांच्या आसपास निघतो. सूत्र आणि रबर एकमेकांशी इतके इमानदार राहिलेले पाहून मला मनापासून आनंद झाला. यात एक खुबी आहे. ताणल्यावर दोन खांबांमधले अंतर तरंगलांबीपलीकडे जाऊन चालत नाही, नाहीतर प्रकाश नको त्या दिशांना फुटतो. म्हणजे पुढे किती ताणायचे आहे ते आधी ठरवून खांब सुरुवातीलाच दाटीने बसवावे लागतात. रबर किती ओढ सोसेल हा प्रश्न नक्षी काढण्याच्या आधी येतो, नंतर नाही.

सोन्याचे प्रयोग याहून जुने आहेत. २०१० मध्ये कॅलटेकमध्येच हॅरी अ‍ॅटवॉटर यांच्या गटाने पीडीएमएसवर सोन्याच्या फटीदार कड्या बसवून त्या ५० टक्क्यांपर्यंत ताणल्या होत्या. तिथे शेजारच्या कड्यांचा एकमेकींवर परिणाम होतो, फट रुंदावली की त्या प्रतिसाद देतात ती तरंगलांबीच बदलते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रितेश अगरवाल यांच्या गटाने २०१६ मध्ये सोन्याच्या नॅनोकांड्यांचे सपाट झूम भिंग केले. ते तांबड्या लेझरच्या प्रकाशात चालते आणि झूम १.७ पट.

आता चाचणी विभागात काय दिसते ते सांगते. रबराच्या शीटमधून डायने, म्हणजे धारदार साच्याने, डम्बेलच्या आकाराचा तुकडा कापतात. मधल्या अरुंद भागावर शाईने दोन रेघा मारतात. दोन्ही टोके यंत्राच्या ग्रिपमध्ये धरून ओढतात आणि रेघांमधले अंतर व लागणारा जोर यांचा आलेख काढतात. पहिल्या ओढीचा आलेख आणि दुसऱ्या ओढीचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. तेवढ्याच लांबीला पहिल्यांदा जास्त जोर लागतो, दुसऱ्यांदा कमी. सैल सोडताना आलेख आल्या वाटेने परत जात नाही, खालून जातो. आणि नमुना ग्रिपमधून काढून टेबलावर ठेवला, तरी त्या दोन रेघा लगेच मूळ जागी येत नाहीत. थोडे अंतर उरते. काही मिनिटांत त्यातले बरेचसे भरून येते, उरलेले कधीच भरत नाही. त्याला आम्ही परमनंट सेट म्हणायचो.

गॅस्केटला एक टक्का सेट सहज चालतो. भिंगात तेवढा सेट राहिला तर नाभीय अंतर दोन टक्क्यांनी सरकते आणि जिथे प्रतिमा रेखीव हवी तिथे ती धूसर होते. पीडीएमएस या बाबतीत रबरांमध्ये गुणीच, हेही सांगायला हवे. अ‍ॅक्रिलिक जातीची रबरे त्याहून लांब ताणली जातात, पण ताण दिल्यानंतरही बराच वेळ हळूहळू सरकत राहतात. आकाराला यायला वेळ घेणाऱ्या रबराचे भिंग फोकस करायलाही वेळ घेणार.

दुसरी गोष्ट दिशेची. रबराचे आकारमान ताणल्याने जवळजवळ बदलत नाही. म्हणून एका बाजूने ओढले की दुसऱ्या बाजूने ते आकसते. ५० टक्के लांब केलेली पट्टी रुंदीला सुमारे १८ टक्क्यांनी बारीक होते. गोल भिंग असे ओढले तर त्याची लंबगोल चकती होते, एका दिशेने नाभीय अंतर वाढते, दुसऱ्या दिशेने घटते आणि प्रकाशाचा एक ठिपका होण्याऐवजी दोन वेगळ्या अंतरांवर दोन रेघा होतात. चष्म्याच्या कागदावर 'सिलिंडर' नंबर लिहिलेला असतो, तोच हा दोष. म्हणून भिंग चहूबाजूंनी सारखे ओढावे लागते, आणि रबर पकडीपाशी कधीच सारखे ताणले जात नाही. कडेला बारीकशी चीर असेल तर फाटायला सुरुवात तिथूनच होते. आमचे कितीतरी नमुने मधे न तुटता ग्रिपच्या तोंडाशी तुटत आणि ते निकाल आम्हाला बाद करावे लागत.

याच अडचणीतून निघालेले काम मला या क्षेत्रातले सर्वांत देखणे वाटते आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. २०१८ मध्ये हार्वर्डमध्ये अ‍ॅलन शी, डेव्हिड क्लार्क, कपासो आणि सहकाऱ्यांनी ग्रिपच काढून टाकली. रबराच्या पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पारदर्शक इलेक्ट्रोड लावले. व्होल्टेज दिले की दोन्ही बाजूंचे विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, पापुद्रा चेपला जातो आणि आडवा पसरतो. त्यावरचे भिंगही सोबत पसरते. भिंग आणि त्याला ओढणारा हा कृत्रिम स्नायू मिळून जाडी ३० मायक्रोमीटर आणि नाभीय अंतर दुपटीहून जास्त बदलते. इलेक्ट्रोडचे वेगवेगळे तुकडे केल्यामुळे कुठल्या बाजूला किती पसरवायचे तेही हातात आले. ज्या असमान ताणामुळे सिलिंडरचा दोष येतो, त्याच असमान ताणाने तो दोष काढता येतो आणि प्रतिमा बाजूलाही सरकवता येते. विजेने रबर लांबते ही गोष्ट विल्हेल्म राँटगेन यांनी १८८० मध्ये रबराच्या पट्टीवर नोंदवली होती, क्ष-किरणांच्या शोधाच्या पंधरा वर्षे आधी. अशी जुनी नोंद इतक्या वर्षांनी भिंगाच्या कामी येते, हे तरुण वाचकांना सांगण्यासारखे आहे.

पण त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. प्रवाह नगण्य असतो हे खरे. तरी पातळ पापुद्र्यात एखादा बुडबुडा किंवा धुळीचा कण राहिला की वीज तिथूनच आरपार जाते आणि भोक पडते. मिश्रणातली हवा काढण्यासाठी ते निर्वात कक्षात किती वेळ ठेवायचे, हा आमच्याकडे रोजचा विषय होता. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरतात ते सिलगार्ड १८४ नावाचे पीडीएमएस घ्या. दोन भाग मिसळायचे, वजनाने दहास एक. हे प्रमाण चुकले किंवा क्युरिंगचे, म्हणजे मिश्रण घट्ट होऊन रबर बनतानाचे, तापमान बदलले की रबराचा ताठरपणा बदलतो. म्हणजे तेवढ्याच जोराने किंवा तेवढ्याच व्होल्टेजने मिळणारा ताण बदलतो आणि एकाच साच्यातली दोन भिंगे वेगळी वागतात. तापमानाचेही तसेच. मोकळा पीडीएमएस २० अंशांनी तापला की सुमारे ०.६ टक्के लांबतो, म्हणजे कोणी हात न लावता नाभीय अंतर एक टक्क्याहून जास्त सरकले. यावर उपाय नाही असे नाही. प्रतिमेवर नजर ठेवून व्होल्टेज सतत जुळवत राहिले तर यातले बरेच दोष झाकले जातात. पण मग ती नजर ठेवणारी यंत्रणाही भिंगाचाच भाग झाली आणि बातमीत तिचा उल्लेख हवा.

लेखाच्या शेवटी चाळिशीचा चष्मा जाईल आणि फोनचा कॅमेरा कागदासारखा होईल असे म्हटले आहे. या वाक्याची मला खरोखर काळजी वाटते. डोळ्यातले भिंगसुद्धा ताणले जाणारेच असते. बारीक तंतूंनी ते ओढून धरले की चपटे होते आणि लांबचे दिसते, सैल सोडले की फुगते आणि जवळचे दिसते. वयानुसार ते ताठरते आणि जवळचे वाचता येईनासे होते. त्यामुळे मऊ भिंगाचे स्वप्न पडणे स्वाभाविक आहे. पण वर सांगितलेल्या कॅलटेकच्या भिंगाचा प्रकाश ९१५ नॅनोमीटरचा, हार्वर्डच्या ताणल्या जाणाऱ्या भिंगाचा १५५०. हे दोन्ही अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. शिवाय अशा साध्या नक्षीच्या भिंगाचे नाभीय अंतर रंगाप्रमाणे बदलते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी बनवलेले भिंग ६६० च्या तांबड्या प्रकाशाला सुमारे एक पंचमांश जवळ गोळा करते. ताणून एक रंग जुळवला की बाकीचे सुटतात. सगळे रंग एकाच जागी आणणाऱ्या नक्ष्यांवर काम चालू आहे, पण ती नक्षी ताणल्यावरही तशीच टिकायला हवी. वाचताना त्रास होणारा माणूस असे वाक्य वाचून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन विचारतो आणि हिरमुसून परत येतो. हे मी घरात पाहिले आहे.

माझ्या मते हे तंत्र आधी रुजेल ते लेझरच्या उपकरणांत. तिथे रंग एकच असतो, तापमान सांभाळलेले असते आणि किरण किती वळला ते मोजणारा सेन्सर बहुधा शेजारीच असतो. त्याच्या बरोबरीने ताण मोजण्याच्या पट्ट्या. अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म ठिपक्यांची रांग लवचीक पापुद्र्यावर बसवली की ताणानुसार तिचा रंग बदलतो. राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे दाखवले आहे. निसर्गात याच्या जवळचे काही सरड्याच्या त्वचेत चालते. शॅमेलिऑन उत्तेजित झाला की त्याच्या पेशींतल्या ग्वानिनच्या स्फटिकांमधले अंतर वाढते आणि हिरव्याचा पिवळा होतो. तारा नकोत, बॅटरी नको, पट्टीचा रंग पाहायचा.

आपल्याला विनंती अशी की या विषयावर पुढे बातमी किंवा लेख छापाल तेव्हा संशोधकांच्या पत्रकातले 'क्रांतिकारी' हे विशेषण गाळले तरी चालेल, पण काही आकडे गाळू नका. प्रकाश कुठल्या तरंगलांबीचा होता. भिंगाचा व्यास किती. आलेल्या प्रकाशातला किती टक्के फोकसमध्ये पोचला. ताण हाताने दिला की व्होल्टेजने, आणि व्होल्टेजने दिला असेल तर किती. सर्वांत आधी हवे ते हे की रबर किती वेळा ताणून सोडले आणि शेवटच्या वेळी ते पहिल्याइतकेच परत आले का. हा शेवटचा आकडा शोधनिबंधात बहुधा असतो, निदान निबंधाला जोडलेल्या पुरवणीतल्या आलेखांत तरी असतो. तो नसेल तर लेखकाने संशोधकांना ई-मेल करून विचारावा आणि उत्तर आले नाही तर 'ही माहिती मिळाली नाही' असे छापावे. रबराच्या कारखान्यांत, चाचणी विभागांत काम करणारे तुमचे पुष्कळ वाचक आहेत. त्यांना त्या एका आकड्यावरून बातमीचे वजन कळेल.

आपली नम्र,
सिलिकॉन रबर चाचणी विभागातून निवृत्त झालेली एक वाचक