ब्रेकचा लिव्हर मऊ लागतोय म्हणालास म्हणून

सातारा

प्रिय पक्या,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय. गॅरेजवाल्याने नवा होज (ब्रेक ऑइलची नळी) टाकला, एअर काढली म्हणून सांगितलं आणि तरी बाइकच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकतोय, तर गाडी घाटात नेऊ नकोस. कुंभार्लीत तर नकोच नको. पटापट दोन-तीनदा दाबल्यावर लिव्हर कडक होतो ना? मग लाइनमध्ये हवाच आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते; तुझा जोर चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचायच्या आत त्या बुडबुड्यातच जिरतो.

माझं ऐकशील तर लगेच खालच्या, कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पाना लावू नकोस. हवेचा ओढा वरच्या बाजूला, आणि आपण तिला खाली ढकलत बसतो. होज बदलल्यावर ती बऱ्याचदा मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा पंप) बँजो बोल्टपाशी, म्हणजे होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, दडून बसते. हँडल असं वळव की त्यावरची ऑइलची डबी सगळ्यात उंच राहील. झाकणाचे स्टार स्क्रू मऊ असतात, नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घे. मग लिव्हर जेमतेम नखभर दाबायचा, सोडायचा. डबीच्या तळाशी बारीक भोक आहे, तिथून मोहरीएवढे बुडबुडे वर येतील. मधूनमधून होजवर टिचक्या मार. जोरात दाबलास तर ऑइलची पिचकारी थेट डोळ्यात! बुडबुडे येणं थांबलं की झाकण लाव, लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांध आणि रात्रभर तसाच राहू दे. सकाळी हळूच सोड.

एवढ्यानेच कधीकधी काम होतं. नाही झालं तर निपल. सलाईनच्या नळीचा तुकडा निपलवर चढव, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव. लिव्हरवर वहिनींना उभं कर. त्यांनी दाबून धरायचा, तू निपल पाव आटा सैल करायचा, लिव्हर खाली गेला की आवळायचा आणि मगच त्यांना सोडायला सांगायचं. क्रम उलटला की हवा परत आत. डबी रिकामी होऊ देऊ नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, बहुधा डॉट ४, आणि सीलबंद डबा. उघडा राहिला की ते हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्याची हमी १५५ पर्यंतच, आणि लांब उतारावर कॅलिपर चांगलाच तापतो; ऑइल उकळलं की पुन्हा बुडबुडे. टाकीवर ओलं फडकं टाक. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नकोस, आधी पाणी ओत.

एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) गाडी असेल आणि एवढं करूनही लिव्हर मऊच राहिला, तर हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) असेल; ते स्कॅनरवाल्याचं काम.

निपलला बहुतेक ८ चा रिंग पाना लागतो. तुझ्या सेटमध्ये नसेल तर कळव, एसटी पार्सलने पाठवतो.

तुझा,
सुन्या