तीन सेंटच्या तिकिटाबद्दल, काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

मेसेजवर ‘थँक यू काका’ लिहून मोकळी झाले होते. पण ते फारच कोरडं वाटत राहिलं, म्हणून हे सगळ्यांदेखत.

बाबांच्या अल्बममधलं ते विटकरी लाल, तीन सेंटचं वॉशिंग्टन (वॉशिंग्टनच्या चित्राचं जुनं अमेरिकी टपाल तिकीट) घेऊन मी दोन वर्षं फिरले. प्रदर्शनातल्या एका विक्रेत्यानं भिंगाला हातही न लावता सांगितलं, “पडेल माल आहे ताई, ढिगानं येतात.” दुसऱ्या एका जाणकारांनी फोटो मागवून घेतला, ‘बघतो’ म्हणाले. ते अजून बघतायत. मी किंमत विचारलीच नव्हती हो! ते दुर्मीळ नाही हे मलाही ठाऊक होतं. छपाईच्या कुठल्या प्लेटवरचं आणि त्या प्लेटवर नेमकं कितवं, एवढंच हवं होतं.

तुम्ही न्यू जर्सीत, माझी ना ओळख ना पाळख, तरी पहिल्याच फोनवर तासभर बोललात. १८५१ साली फिलाडेल्फियात टोपॅन, कारपेंटर, कॅसिलिअर कंपनी ही तिकिटं छापायला बसली तेव्हा चौकटीच्या रेघा प्लेटवर पुसट उतरत होत्या, म्हणून कारागिरानं त्या हातानं पुन्हा कोरल्या. एका प्लेटवर २०० तिकिटं, शंभर डावीकडे, शंभर उजवीकडे, आणि एकाची चौकट दुसऱ्यासारखी नाही. कुठे रेघ कोपऱ्याबाहेर केसभर घसरलीय, कुठे दोनदा ओढलीय. त्या घसरलेल्या हातामुळेच आज ठिकाण सापडतं. डॉ. कॅरोल चेस यांनी नुसत्या बिनछिद्रांच्या (कडेला फाडायची भोकं नसलेल्या) तिकिटांच्या अशा २,६०० जागा लावल्या, हे ऐकून मी स्वयंपाकाचा गॅस बंद करून खाली बसले.

तुम्ही दोन दिवसांत जागा कळवलीत. ती मी अल्बमच्या पानावर लिहूनही टाकली. पाचव्या दिवशी पहाटे तुमचा मेसेज: “चुकलो गं. डाव्या शंभरातलं नाही, उजव्यातलं. कोपऱ्यातली रेघ मला शिक्क्याची शाई वाटली. खोड ते.” सोबत फोटो, त्यावर थरथरत्या हातानं काढलेला लाल बाण.

काका, तुम्ही गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं. दुसऱ्या कुणालाही नसतं. फुकटात केलेलं काम, अनोळखी बाईचं तिकीट, त्यातली एक चुकीची रेघ, आणि ती तुम्हाला चार दिवस झोपू देत नव्हती! आमच्याकडे जाणकार चुकला की आधी आवाज चढवतो, मग विषय बदलतो. ‘खोड ते’ म्हणणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजेन, आणि त्यातलं एक बोट बाबांचं.

मी खोडलं नाही. एक आडवी रेघ मारून खाली नवं लिहिलंय, दोन्ही दिसतात.

मोतीबिंदूचं झालं की कळवा. अल्बममध्ये आणखी एक तीन सेंटचं सापडलंय, खालची कड कुणीतरी कात्रीनं खाल्लीय. या वेळी आधी मी शोधणार, तुम्ही फक्त चुका काढायच्या.

तुमची,
नाशिकची पुतणी