टक्के मोजले, संदर्भ तपासले कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रबंधातल्या वाङ्मयचौर्याची बातमी आली की चर्चा टक्क्यांवर येऊन थांबते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधाचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती टक्के जुळतो, त्या साम्याचे टप्पे ठरवून दिले आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. त्यामुळे विद्यार्थ्याचा, आणि मार्गदर्शकाचाही, जीव त्या १० च्या आकड्यात अडकलेला असतो. दिलेला संदर्भ खरा आहे का, हे मात्र साम्य मोजणारी संगणकप्रणाली पाहतच नाही.

याच विनियमांतली एक तरतूद फारशी कोणी वाचलेली दिसत नाही. रीतसर श्रेय देऊन घेतलेले अवतरण, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे, प्रमाण समीकरणे हे सारे मोजणीतून वगळायचे आहे. सर्वपरिचित माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्यही धरायचे नाही. तरीही आकडा फुगला की विद्यार्थी आधी अवतरणचिन्हे पुसतात. त्याहून वाईट म्हणजे अवतरणाच्या आतले शब्द बदलतात. 'चळवळ'चे 'आंदोलन' होते, 'रयत'चे 'शेतकरी', आणि लेखकाने कधीच न लिहिलेले वाक्य त्याच्या नावावर जमा होते. खरे तर साम्याचा अहवाल काढताना अवतरणे आणि संदर्भसूची वगळण्याचे पर्याय सुरू केले की बराचसा प्रश्न सुटतो. काही प्रणाली फक्त दुहेरी अवतरणचिन्ह ओळखतात आणि मराठीत आपण एकेरी सर्रास वापरतो, तेवढे तपासून घ्यावे.

उलट, इंग्रजी लेखातला उतारा मराठीत आणला किंवा कधीच युनिकोडमध्ये (संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत) न आलेल्या जुन्या पुस्तकातून परिच्छेद उतरवला, तर साम्य शून्याच्या आसपास दिसते. म्हणून काही तो मजकूर आपला होत नाही. भाषांतराला मूळ लेखनाचा संदर्भ हवा, पृष्ठ क्रमांक हवा आणि 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' ही टीप हवी. आशय स्वतःच्या शब्दांत मांडला तरी संदर्भ सुटत नाही, फक्त अवतरणचिन्हे सुटतात.

संदर्भ वाचून दुसऱ्या माणसाला नेमके तेच पान उघडता आले पाहिजे. मराठी साधनांबाबत गाडी इथेच अडते. नुसते 'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक' लिहून भागत नाही. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ मध्ये छापायला घेतलेली गाथा आणि इतर संपादकांच्या गाथा यांतले अभंग क्रमांक जुळतीलच असे नाही. ज्ञानेश्वरीची राजवाडे प्रत आणि साखरे प्रत यांत ओव्यांची संख्याही एक नाही. म्हणून आधी प्रत, मग अध्याय आणि ओवी. कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीतले पान पाचव्या आवृत्तीत सापडेलच असे नाही. हातात असलेल्या आवृत्तीचेच वर्ष द्यावे, पहिल्या आवृत्तीचे वर्ष हवे तर जोडीला. ही नोंद मुखपृष्ठावरून न घेता आतल्या शीर्षकपानावरून आणि त्याच्या मागच्या बाजूवरून घ्यावी. 'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' यांतला फरक तिथेच कळतो.

जुन्या पुस्तकांवर शके असते. सरसकट ७८ मिळवून मोकळे होऊ नये. शके १८२० चा चैत्र १८९८ मध्ये येतो, पण त्याच शकाचा माघ १८९९ मध्ये. महिना दिलेला नसेल तर 'शके १८२० (१८९८-९९)' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे. नावांचेही तसेच. कवितासंग्रहावर 'कुसुमाग्रज' आणि नाटकावर 'वि. वा. शिरवाडकर' छापलेले असेल, तर सूचीत तशीच नोंद करावी आणि एका नावाखाली दुसऱ्याकडे 'पाहा' म्हणून बोट दाखवावे. 'ग्रेस' हे नाव गोडघाटे आडनावाखाली शोधायला किती वाचक जातील?

मुंबईवर लिहिणाऱ्यांची एक खास गल्लत म्हणजे नुसते 'बॉम्बे गॅझेटिअर, भाग २'. कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या इलाख्याच्या गॅझेटिअरचा २६ वा खंड मुंबई शहराबद्दल आहे, त्याचे तीन भाग १८९३-९४ मधले. एडवर्ड्‌स यांचे मुंबई शहर व बेटाचे गॅझेटिअर वेगळे. १९०९-१० मधले, आणि तेही तीनच खंडांचे. नुसत्या 'भाग २'वरून वाचक एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात नेमके काय मागणार? 'जनगणना २०११' या दोन शब्दांचीही तीच कथा. बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आणि आसपासची शहरे धरून नागरी समूहाची सुमारे १ कोटी ८४ लाख. दोन्ही आकडे त्याच जनगणनेतले. तक्त्याचे नाव आणि क्षेत्र दिले नाही, तर ६० लाख माणसे एका तळटिपेत हरवतात.

पुराभिलेखागारातल्या कागदाला विभाग, वर्ष, खंड आणि कंपायलेशन क्रमांक लागतो. शासन निर्णयाला विभाग, क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक. नुसता 'शासनाचा जीआर, २०१६' म्हणजे मंत्रालयात 'ते पाटीलसाहेब' म्हणून कोणाला शोधण्यासारखे आहे.

'तत्रैव'चा, म्हणजे 'वरच्याच ग्रंथात' असे म्हणून भागवण्याचा, मोह आवरावा. मसुदा सुरू असताना मध्येच एक नवी तळटीप घातली की पुढचे 'तत्रैव' गुपचूप भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. आडनाव, लघुशीर्षक, पृष्ठ असा छोटा संदर्भ प्रत्येक वेळी द्यावा. संदर्भलेखनाच्या शिकागो पद्धतीच्या १७ व्या आवृत्तीनेही हीच शिफारस केली आहे. एपीए ही दुसरी पद्धत वापरणाऱ्यांनी तिची सातवी आवृत्ती घ्यावी. तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून 'व इतर', आणि प्रकाशनस्थळ लागत नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवणारे झोटेरोसारखे मोफत साधन वेळ वाचवते, पण त्यात आलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी अनेकदा रोमन लिपीत असतात, नाव-आडनाव एकाच रकान्यात पडलेले असते. ते हाताने सुधारल्याशिवाय अकारविल्हे सूची लागत नाही.

दुसऱ्याच्या तळटिपेतून उचललेला संदर्भ हा सर्वांत जुना रोग. मूळ ग्रंथ मिळाला नाही तर 'अमुक यांनी उद्धृत केलेले' म्हणावे, त्यात कमीपणा नाही. न पाहता उतरवण्याची सवय किती खोल आहे, हे एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या मसुदा-नमुन्याने दाखवून दिले. त्यात संदर्भ कसा लिहावा हे सांगायला 'व्हॅन डर गीर, २०००' असा काल्पनिक लेख दिलेला होता. अस्तित्वातच नसलेला तो लेख पुढे शेकडो निबंधांच्या संदर्भसूचीत सापडला. आता चॅटजीपीटीसारखी साधने असे लेख मागाल तितके रचून देतात. लेखक खरा, नियतकालिक खरे, लेख मात्र नाही. लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो १० ने सुरू होतो. तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकून तोच लेख उघडतो का ते पाहावे, आणि उघडलेल्या पानावर 'रिट्रॅक्टेड' (मागे घेतलेला) असा शिक्का नाही ना, हेही.

विद्यापीठांना सुचवावेसे वाटते की प्रबंधासोबत साम्याचा अहवाल घेता तसा संदर्भ-पडताळणीचा एक कागदही घ्यावा. मौखिक परीक्षेच्या आधी समितीने सूचीतले कोणतेही दहा संदर्भ निवडावेत आणि ती पाने विद्यार्थ्याकडून मागवावीत, पुस्तक, छायाप्रत किंवा दुवा, जे असेल ते. दहा पाने पाहायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागू नये.

— एक ग्रंथपाल, दादर, मुंबई