कठडा मीच करणार

नऱ्हे, पुणे
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पण खंडेनवमीच्या पूजेचा फोटो पाठवल्यापासून फोनवर जे सुरू झालंय ते काही तडीला जात नाही. माझं वाक्य पुरं होत नाही तोवर आई डोळ्यांवर येते, मागून बाबा 'इंजिनिअरिंगची चार वर्षं' म्हणतात, आणि मग तुम्ही दोघं आपसातच बोलायला लागता. म्हणून लिहूनच कळवते. बाबा, मोठ्याने वाचा. आईचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही.

तर हो, झेंडूची माळ घातलेली ती लाल पेटी म्हणजे वेल्डिंगचं मशीन. जावयांचं नाही, माझं. बोनसमधून घेतलं, घरखर्चाला हात लावलेला नाही. पैशांचा विषय इथे संपला.

हे खूळ शिरलं कुठून ते सांगते. गच्चीतल्या कुंड्यांसाठी लोखंडी मांडणी करून घ्यायची म्हणून गल्लीच्या टोकाच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेले होते. नऱ्हे-धायरीच्या बाजूला अशा पत्र्याच्या शेड पावलागणिक आहेत. काका वेल्डिंग करत होते आणि मी पाठ करून उभी, कारण तिकडे बघायचं नाही हे आई, तूच लहानपणी डोक्यात भरवलेलं. बघता येत नव्हतं म्हणून ऐकत राहिले. एकसारखी चरचर, मग हातोडीची टकटक, मग तारेच्या ब्रशची खरखर, पुन्हा चरचर. मी विचारलं, "मला शिकवाल का?" काकांना वाटलं, मॅडम भाव पाडायला काहीतरी बोलतायत. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी भंगारातला अँगलचा तुकडा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "यावर रेघा मारा. सरळ आल्या की पुढचं बोलू."

मशीनच्या वायरीच्या चिमट्यात, म्हणजे होल्डरमध्ये, रॉड (लेप लावलेली लोखंडी कांडी) धरायचा, त्याचं टोक लोखंडावर ओझरतं घासायचं आणि लगेच रॉडच्या जाडीइतकंच वर उचलायचं. त्या अडीच मिलिमीटरच्या फटीत आर्क, म्हणजे विजेचा लखलखता झोत, पेटतो. जास्त उचललं तर विझतो, कमी उचललं तर रॉड चिकटून बसतो आणि होल्डर पिळून सोडवावा लागतो. बरं, पेटला म्हणजे झालं असंही नाही. रॉड जळत आखूड होत जातो, म्हणून हात एकाच वेळी खालीही न्यायचा आणि पुढेही. आई, तू रांगोळीची रेघ सोडतेस ना, हात रेंगाळला की ढीग आणि घाई केली की तुटक? तेच हे काम. फक्त इथे चिमूटच जळून कमी होत असते. माझा हात लवकर बसला याचं श्रेय मी काकांसमोर तुला देऊन टाकलंय.

आर्क पेटला की हेल्मेटची काच काळी होते, बाकी सगळा मिट्ट काळोख. फक्त रुपयाएवढी जागा उजळलेली दिसते. नवखं माणूस त्या लखलखाटाकडेच बघत बसतं. काका ओरडायचे, "आर्क सोडा, पाण्याकडे बघा!" पाणी म्हणजे वितळलेलं लोखंड. त्याच्यावरून एक मळकट थर तरंगत मागे सरकतो, तो स्लॅग. रॉडवरचा लेप जळून धूर आणि हा थर तयार होतो आणि तापलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. पाणी कोणतं आणि स्लॅग कोणता हे ज्या दिवशी वेगवेगळं दिसलं, त्या दिवशी मी यात अडकले.

अडकले म्हणजे खरंच अडकले. अडीच मिलिमीटरचा एक रॉड साधारण मिनिटभर चालतो. रेघ संपली तरी कशी आली ते कळत नाही, कारण ती स्लॅगखाली झाकलेली असते. थांबायचं, लाली जाऊ द्यायची, मग टोकदार हातोडीने टोचायचं. करंट आणि हाताचा वेग जमला असेल तर खपली लांबच्या लांब सुटते, कधी तर थंड होता होता आपली आपण उचलली जाते, आणि खाली बारीक, एकासारख्या एक लहरी. जमला नसेल तर खपली फोडून फोडून काढावी लागते आणि आत भोकं निघतात. दोन्ही वेळेला तोंडून एकच निघतं, 'अजून एक रॉड'. जेवायला हाक मारली तरी अजून एक रॉड. आता तुमची नातसुद्धा अंघोळीला बोलावलं की ओरडते, "अजून एक रॉड!"

रस्त्याने सरळ चालणंही अवघड झालंय. पीएमपीच्या बसमध्ये सीटच्या पायांचे जोड बघते, मंडईत शेडच्या कैच्या बघते. परवा एका लग्नात कमानीच्या मागे जाऊन तिचे जोड तपासत होते, तर तुमचे जावई हळूच म्हणाले, "नवरानवरी पुढच्या बाजूला आहेत." रविवारी सकाळी जुना बाजार ठरलेला. तिथून एक दणकट क्लॅम्प आणि एक पोलादी गुण्या आणलाय. गुण्या आधी दुकानातल्या नव्या गुण्याला लावून पाहिला, बरोबर काटकोनात निघाला. जुन्या वस्तूंचं हे बरं असतं, वाकायच्या त्या आधीच वाकून भंगारात गेलेल्या असतात.

आता आई, डोळे. तुझी भीती खोटी नाही. आर्कमध्ये अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर त्या क्षणी काही वाटत नाही, पण काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळे खुपायला लागतात आणि पाणी थांबत नाही. बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो. म्हणून शिकायच्या आधी मी हेल्मेट घेतलं, मशीन नंतर. आर्क पेटताक्षणी त्याची काच आपोआप काळी होते, आणि ती फिकी असते तेव्हाही अतिनील किरण अडवतेच. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा उपाय तू सांगितलास. ती वेळच येऊ द्यायची नाही, असं ठरवलंय.

व्हिडिओ कॉलवर तुला माझे हात मोकळे दिसले आणि तू दोन दिवस नीट बोलली नाहीस, तेही सांगून टाकते. विजेचं काम आहे. रॉड पेटलेला नसताना होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात, आणि घामेजल्या हातात धातूची बांगडी म्हणजे आमंत्रणच. ठिणगी बांगडीत अडकली तर भाजतं ते वेगळं. बांगड्या डब्यात काढून ठेवते, घरी आले की घालते. मंगळसूत्रही तसंच. हातात चामड्याचे मोजे, पायात चामड्याचे बूट, अंगात जाड सुती शर्ट, कारण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. बाबा, कॉलरचे जे दोन शर्ट तुम्ही कपाटात शोधताय ते इथे आहेत.

धुराचंही विचारलं होतंस. शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे आणि मी वाऱ्याकडे तोंड करून नाही, वारा बाजूने येईल अशी बसते. खरा त्रास जीआय पाइपाचा. त्याच्यावरच्या जस्ताची वाफ होते, आणि ती छातीत गेली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. शेडमध्ये सगळे सांगतात, गूळ खा. गूळ मी आवडीने खाते, पण जीआयला हात लावत नाही.

बाबा, तुमचं वाक्य माझ्या मनाला लागलं हे खरं. "शिकवून सवरून शेवटी लोहारकाम." तुम्ही फळ्यावर काढलेला 3-4-5 चा त्रिकोण मी शाळेनंतर पहिल्यांदा या शेडमध्ये वापरला. चौकट जोडताना चारही कोपऱ्यांना आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टिपके, मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तरच पुढे जायचं. एक मीटर पोलाद 100 अंशांनी तापलं की साधारण 1.2 मिलिमीटर वाढतं, आणि जोड तर 1,500 अंशांच्या आसपास वितळून थंड होतो. थंड होताना आकसतो आणि कोपरा आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग वेल्ड करत गेलं तर चौकट डोळ्यांदेखत वाकडी होते. म्हणून थोडं इकडे, थोडं समोर, असं फिरत काम करायचं. काकांना हे सूत्र माहीत नाही, पण कोणता कोपरा किती ओढणार हे ते आधी सांगतात आणि तितकी चौकट उलटी वाकवून ठेवतात. चार वर्षं शिकून मला ते अजून येत नाही. त्यांच्या हाताखाली औंधच्या आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून आलेला एक मुलगा आहे, तोही माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

आणि लेप लावलेला हा रॉड ज्यांनी आणला ते ऑस्कर शेलबर्गही इंजिनिअरच होते. जहाजांचे गळके बॉयलर दुरुस्त करता करता त्यांना तो सुचला, आणि 1904 साली त्यांनी स्वीडनमध्ये ईसाब ही कंपनी काढली. आपल्या चिंचवडला अडवाणी-ओर्लिकॉन होती, तुम्हाला आठवत असेल. आता तिचं नाव ॲडॉर आहे.

एवढी प्रस्तावना का, तर मुद्दा जिन्याचा आहे. गणपतीत आलो होतो तेव्हा आई, तू भिंतीला तळवा टेकवून आडवी होत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होतीस. आणि बाबा, तुम्ही तिच्या पुढे चालत होतात, म्हणजे ती पडलीच तर तुमच्यावर. ही व्यवस्था मला मान्य नाही. साताऱ्यात कुणाला तरी सांगून लाकडी दांडा ठोकून घेऊ, असं तुम्ही म्हणालात. नको. दिवाळीत मी येतेय आणि कठडा मीच करणार.

सव्वा इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, पाइप घेणार आहे. बाहेरून 42 मिलिमीटर भरतो, म्हणजे बोटं पुरी वळतात आणि पकड बसते. चौकोनी पाइप दिसायला छान, पण दुखऱ्या हाताला त्याच्या कडा टोचतात. पायरीच्या कडेपासून 900 मिलिमीटर उंच आणि भिंतीपासून दोन इंच लांब, म्हणजे बोटं मध्ये खरचटणार नाहीत. पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीनंतर फूटभर पुढे काढणार, कारण तोल जातो तो नेमका तिथे, पायऱ्या संपल्या असं वाटल्यावर. दोन्ही टोकं भिंतीकडे वळवणार, नाहीतर आईचा पदर अडकायचा. वरून रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट. रंग आईने ठरवावा, फक्त तो बँकेच्या गजांसारखा राखाडी नको.

बाथरूममधला दांडा मात्र मी विकतच आणणार. तिथे स्टेनलेस लागतं, त्याचे रॉड वेगळे असतात, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

तुटेल का, हे तुम्ही विचारणारच, म्हणून हिशेब देते. माझ्या रॉडवर 6013 लिहिलेलं असतं. त्यातला 60 म्हणजे चौरस इंचाला 60,000 पौंड ताण सोसायची ताकद, आपल्या भाषेत चौरस मिलिमीटरला साधारण 42 किलो. इंचभर लांबीचा, दोन मिलिमीटर जाडीचा वेल्ड कागदोपत्री दोन टनांवर तुटावा. मी त्याच्या दहाव्या हिश्श्यावर विश्वास ठेवते, कारण वरून गुळगुळीत दिसणारा जोड आत नुसता चिकटलेला असू शकतो. काका नवीन माणसाचं काम तपासतात ते असं: दोन पट्ट्या उभ्या-आडव्या ठेवून एकाच बाजूने जोडायच्या, शिकंजात धरायच्या आणि घण घालून जोड उलटा फोडायचा. आतलं लोखंड एकजीव झालेलं दिसलं पाहिजे. माझे फोडलेले तुकडे बरोबर घेऊन येते, तुम्हीच बघा.

मला धास्ती वेल्डची नाही, भिंतीची आहे. अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, काँक्रीटमध्ये आणि चांगल्या दगडात पक्का बसतो, पण जुन्या मऊ विटेत तो फुगला की वीटच फोडतो. तशी वीट निघाली तर भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागच्या खोलीत प्लेट लावावी लागेल. प्लेट देवघराच्या बाजूला येईल, हे आत्ताच सांगते, आयत्या वेळी वाद नको.

तेव्हा बाबा, पुढच्या गोष्टी बघून ठेवा. जिन्याच्या भिंतीला कोपऱ्यात, आईला दिसणार नाही अशा जागी, गिलावा थोडा खरवडून आत वीट आहे की दगड ते बघा. प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजा, 'सगळ्या सारख्याच आहेत' असं लिहू नका. जुन्या जिन्यात त्या नसतात. गीझरच्या पॉइंटची वायर किती जाडीची आहे ते इलेक्ट्रिशियनला विचारा. मशीन 80 अँपिअरवर चालवणार म्हणून घाबरू नका. ते व्होल्टेज उतरवून अँपिअर वाढवतं, आर्कच्या टोकाला वीस-पंचवीस व्होल्टच उरतात. भिंतीतून ओढते ती वीज गीझरपेक्षा जास्त, पण 16 अँपिअरच्या पॉइंटला झेपेल इतकीच.

आणि आई, त्या दिवशी अंगणात काही वाळत घालू नकोस, ग्राइंडरच्या ठिणग्या लांब उडतात. पाण्याची बादली भरून ठेव. चरचर सुरू झाली की स्वयंपाकघरात जा आणि खिडकीतून डोकावू नकोस. बाबांनी डोकावलं तर चालेल, कारण त्यांच्यासाठी दुसरं हेल्मेट आणतेय. टॅक मारताना पाइप धरायला मला एक माणूस लागणार आहे, आणि शर्टही त्यांचेच आहेत.

मापं मिलिमीटरमध्ये पाठवा, इंचांत नको.

तुमची,
धाकटी